डाळ शिजते का?

शिवशरण सरांना तालुक्यातल्या निम्म्या गावांत लोक गुरुजी म्हणत, आणि सरांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. उजव्या हाताची बोटं कायम पांढरी, शर्टाच्या खिशाला खडूचा डाग, आणि प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत गप्प थांबायची सवय. एवढं पाहिल्यावर हा माणूस मास्तर नाही असं कोण म्हणेल? होटगीच्या पुढे एका गावात तर एक आजोबा नातीला हाताला धरून घेऊन आले आणि तिला पाढे म्हणायला लावलं. सरांनी सोळाच्या पाढ्यापर्यंत शांतपणे ऐकलं, दोन चुका दुरुस्त केल्या आणि मग विचारलं, "आजोबा, आता तुमच्या विहिरीत टेप सोडू का?"

सर भूजलाच्या सरकारी ऑफिसात होते. खडू होता तो टेपसाठी. पोलादी टेपच्या खालच्या काही हातांना ते खडू चोळत आणि टेप बोअरमध्ये सोडत. वर ओढली की खडू जिथवर ओला झालेला असे, तिथे पाण्याची पातळी. मी त्या ऑफिसात कंत्राटावर लागले तेव्हा भूशास्त्राची पदवी ताजी होती आणि माझ्याकडे एक नवं कोरं यंत्र होतं. तार खाली सोडायची, पाण्याला टेकली की पीं वाजतं. पहिल्याच दिवशी एका बोअरवर पीं वाजलं, मी ऐटीत आकडा लिहिला. सरांनी टेपला खडू चोळला. खडू ओला झाला तो माझ्या आकड्याच्या कितीतरी खाली.

"भिंतीतनं झिरपा हाय, मॅडम," सर म्हणाले. "तुमचं यंत्र झिरप्याला लागून वरडलं. गुणी हाय, पर जरा घाई करतंय."

घाई कोण करत होतं ते मला कळलं. माझा चेहरा पडलेला पाहून त्यांनी लिंबाखाली डबा उघडला आणि कडक भाकरीवर शेंगाचटणी घालून अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी बिराजदारांची मुलगी, घरात कन्नड, कडक भाकरीवर वाढलेली. तरी त्या दिवशीसारखी ती पुन्हा लागली नाही.

आमचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड असे. विहिरीतलं पाणी आज कसं आहे, हा एक प्रश्न. ते उद्या किती सहज नासू शकेल, हा दुसरा. आमचा नकाशा दुसऱ्या प्रश्नाचा होता. पाणी किती खोल आहे, वर माती किती आणि मुरूम किती, उतार कुठून कुठे जातो, उताराच्या वरच्या अंगाला काय आहे, संडासाचे खड्डे, उकिरडा की रंगाचं पाणी सोडणारा कारखाना, हे सगळं बघून प्रत्येक जागेला रंग द्यायचा. हिरवा, पिवळा नाहीतर लाल.

सर हे काम शिकले समुद्रावर. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी मालवणच्या बाजूला काढली होती. सोलापूरच्या माणसाला एवढं पाणी सोसलं कसं, असं मी विचारलं तर म्हणायचे, "पाणी दिसायचं लई, प्यायला वाटीभर." किनाऱ्यावर जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. हलक्या हातानं घेतलं तर वर्षानुवर्षं पुरतं. मोठा पंप लावून ओढलं की खालचं खारं वर येतं, आणि आलं की सहजी परत जात नाही. तिथल्या नकाशात समुद्र किती जवळ आहे, हाही एक रकाना असे. सोलापुरात परतल्यावर त्यांनी तो रकाना खोडला, पण म्हणायचे, "समुद्र हितंबी हाय. फकस्त दिसत न्हाय."

त्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत जानकीआजी म्हणून बाई होत्या. त्यांच्या विहिरीचं पाणी खडीसाखरेसारखं, आणि सरांनी नकाशावर ती विहीर लाल रंगवली होती. आजी ऑफिसात येऊन भांडल्या. "पाणी माझा गोडा, आणि तुमी तांबडो रंग कित्याक दिलास?" सरांनी त्यांना सांगितलं, लाल म्हणजे वाईट नाही आजी, लाल म्हणजे नाजूक. आजी तणतणत गेल्या, पण घरी मोठा पंप बसवायचा ठरलं होतं तो त्यांनी बसवू दिला नाही. शेजाऱ्यांची विहीर दोन उन्हाळ्यांत खारट झाली. आजींची टिकली. तेव्हापासून दर मे महिन्यात त्यांचा सरांना फोन येई. पडद्यावर नाव दिसलं की सर खुर्चीतून उठून उभे राहत, कलेक्टरसाहेबांचा फोन असावा तसे. पलीकडून एवढंच येई, "साहेबानू, पाणी गोडा आसा हां अजून." सर म्हणत, "बरं बरं, आजी." झालं. मग दिवसभर सगळ्यांना चहा सरांकडून.

पण सरांची खरी ख्याती होती ती एका प्रश्नासाठी. कुठल्याही गावात गेले की सरपंचाच्या आधी ते पाणी भरणाऱ्या बाईकडे जात आणि विचारत, "डाळ शिजते का?" जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आमच्याकडे प्रत्येक बाईला माहीत असतं, फक्त तिला कोणी विचारत नाही. एकदा विचारलं की मग धबधबा. "कशाची शिजती ओ! सहा शिट्ट्या केल्या तरी टणाटण." "पलीकडच्या हिरीचं आणतो आमी डाळीला." दक्षिणेकडच्या गावांत सर हाच प्रश्न कन्नडमध्ये विचारत, "ब्याळी कुदीतावेन्री?" आणि त्यांचं ते होटगी स्टेशनावरचं कन्नड ऐकून मला हसू आवरत नसे. सरकारी नोंदवहीत डाळीला जागा नव्हती, म्हणून त्यांनी पेन्सिलीनं एक जादा रकाना आखला होता. वरचे साहेब त्याची टिंगल करत. सर म्हणत, "साहेब, बाटलीतलं पाणी आजचं सांगतंय. चुलीपुढची बाई वीस वर्षांचं सांगती."

एप्रिलमध्ये जयंतीला सर मला पहिल्यांदा त्यांच्या वस्तीवर घेऊन गेले. वस्ती होटगीजवळच्या एका गावाच्या खालच्या अंगाला. वडील, ज्यांना घरात दादा म्हणत, रेल्वेत गँगमन होते. सर लहान असताना वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. कठड्यापासून लांब ओंजळ धरून उभं राहायचं, कुणाला दया आली की त्यानं वरून ओतायचं. मग वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी खणून वस्तीची आपली विहीर पाडली. जयंतीच्या सकाळी त्या विहिरीचा कठडा चुन्यानं रंगवतात. वस्तीतली सगळ्यात वडील बाई पहिला पोहरा ओढते आणि येईल त्या प्रत्येकाला पेला देते. नियम एकच, पाणी वरून ओतायचं नाही, पेला हातातून हातात द्यायचा.

ही वडील बाई म्हणजे सरांची थोरली बहीण, अक्का. तिनं मला पेला दिला. मी प्यायले. माझ्या आजोळीही मोठी विहीर होती आणि तिथे वरून ओतणारे हात आमच्याच घरातले होते, हे मला त्या क्षणी आठवलं आणि मान वर करवेना. अक्कानं विचारलं, "ग्वाड हाय का न्हाय?" मी म्हटलं, फार गोड आहे. "डाळ तर अशी शिजती," ती म्हणाली, "की घोटायचं काम न्हाय." सर कौतुकानं बहिणीकडं बघत होते.

पुढल्या वर्षी त्या भागाचा नकाशा करायला मी नोंदवह्या काढल्या. सरांची शिस्त अशी, की प्रत्येक विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासायचं, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा मे महिन्यात. पावसानंतर पाणी भरपूर असतं, घाण त्यात विरून जाते, म्हणून मेमधलं पाणी खरं बोलतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. शेकडो विहिरींचे दोन्ही रकाने भरलेले. एकाच विहिरीचा मेचा रकाना दरवर्षी कोरा होता. सर दिवाळीला घरी जात, तेव्हा येताना बाटली भरून आणत. मेमध्ये कधीच नाही.

मी दोन दिवस गप्प बसले. शिकवणाऱ्याची चूक दाखवायला जीभ रेटत नाही. तिसऱ्या दिवशी नोंदवही उघडीच त्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

सरांनी खिशातला खडू काढून उगाच बोटांत फिरवला. "आपल्या आईचं पाणी कोण तपासतं, मॅडम," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "डाळ शिजत हुती की."

मे महिना होता. आम्ही दुपारीच गेलो, पाणी आणलं. रिपोर्ट आला तेव्हा त्यात नायट्रेट नको तितकं होतं. गेल्या काही वर्षांत वस्तीत घरोघर संडास झाले होते, चांगलीच गोष्ट. पण त्यांचे शोषखड्डे विहिरीच्या वरच्या अंगाला, उघड्या मुरमात. वरचं सगळं झिरपून विहिरीत येत होतं. नायट्रेटला चव नाही, वास नाही, आणि त्यानं डाळ शिजायची थांबत नाही. सरांचा तो प्रसिद्ध प्रश्न या विहिरीपुढे फसला होता.

मोठ्या माणसाला ते पाणी लगेच काही करत नाही. तान्ह्या बाळाला करतं, त्याच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो. आणि अक्काची नातसून बाळंत होऊन तीन महिने झाले होते, तिला दूध पुरत नव्हतं, बाळाचं पावडरचं दूध त्याच विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं. "हिरीचंच पाणी घाल पोरी, लई चांगलं हाय," असं तिला सांगितलं होतं खुद्द सरांनी.

रिपोर्ट घडी करून त्यांनी खिशात घातला आणि तसेच रिक्षात बसले. मी मागोमाग गेले. बाळाला त्याच संध्याकाळी सोलापुरात डॉक्टरांना दाखवलं. बाळ ठीक होतं, डॉक्टरांनी पाणी तेवढं ताबडतोब बदलायला सांगितलं. सर दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी बाळ ठीक आहे म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि उठले तेव्हा गालांवर खडू लागला होता. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काला सांगायचं होतं. विहिरीच्या कठड्यावर दोघं बहीणभाऊ बसले, मी जरा बाजूला.

"उकळून पितो की," अक्का म्हणाली.

"उकळून ते जात न्हाय, अक्का. उलट दाट हुतंय."

"म्हंजी नकाशावर लाल?"

"लाल."

अक्काचा आवाज चढला. "दादांनी खणलेली हीर! वरच्या गावाला काय सांगशील? काल आपल्याला शिवू देत नव्हती, आज म्हंतील, बघा, ह्यांची हीरच घाण. त्यांच्या तोंडात तूच घास घालतोस व्हय रे?"

सरांनी मोबाइल काढला, एक नंबर लावला, "आजी, जरा आमच्या अक्काशी बोला," एवढं म्हणाले आणि फोन बहिणीच्या हातात दिला.

जानकीआजी मालवणीत आणि अक्का होटगीच्या बोलीत, अर्धा तास चाललं ते. मला ऐकू येत होतं ते अक्काचं. "लाल? तुमचीबी लाल? ... आन् ग्वाड हाय म्हंता? ... व्हय, माणूस हट्टीच हाय, ल्हानपनापास्नं." शेवटी फोन परत देत अक्का म्हणाली, "ती काय म्हंती मला निम्मं कळंना. पर बाई खरी हाय." आणि जरा वेळानं, विहिरीकडे बघत, "नाजूक म्हण की मग. घाण म्हणू नको."

ऑफिसात नकाशा रंगवायची वेळ आली. आकडे अगदी काठावर नव्हते, तरी मी म्हटलं, "सर, पिवळा चालून जाईल." मला त्यांचं दुःख बघवत नव्हतं, म्हणून म्हटलं. सरांनी रंगाची पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "लाल तुमी भरा. माझा हात आज सरळ चालायचा न्हाय." मी भरला. आयुष्यात इतक्या सावकाश मी दुसरं काही रंगवलेलं नाही.

पुढची वर्षं सर नुसते त्या खड्ड्यांच्या मागे होते. ग्रामपंचायतीत खेटे घातले, वस्तीतल्या पोरांना घेऊन बसले, शोषखड्डे बुजवून पक्क्या टाक्या करवल्या, त्यांचं पाणी नळीनं पार खालच्या अंगाला नेलं. दर मेमध्ये विहीर उपसून गाळ काढायचा. प्यायला नळाचं पाणी. जयंतीला अक्का पहिला पोहरा ओढायची आणि तो पिंपळाला घालायची, आणि पेले भरायची नळाच्या पाण्यानं. सर दरवर्षी टेप सोडत, बाटली भरत. अक्का विचारायची, "पिऊ का?" सर म्हणायचे, "अजून न्हाय." वरच्या गावानं व्हायचं ते बोलून घेतलं. मग पुढल्या मेमध्ये सरांनी त्यांच्या विहिरीचं पाणी तपासलं तेव्हा नायट्रेट तिथेही वाढलेलं निघालं, तीही लाल झाली, आणि बोलणं थांबलं. त्या गावातल्या टाक्यांसाठीही सरांनीच खेटे घातले.

सरांच्या प्रश्नात त्यानंतर एक भर पडली. "डाळ शिजते का?" झालं की ते विचारत, "आणि घरातलं सगळ्यात लहान कोण? ते कुठलं पाणी पितं?" नोंदवहीत पेन्सिलीनं आखलेला रकाना अजून एक वाढला.

माझ्या मुलीच्या बारशाला सर शहराच्या जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर आले. हातात टोपडं आणि पिशवी. पाळण्यात डोकावले, तिच्या मुठीत बोट दिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे कुठलं पाणी पितं?"

आमच्या इमारतीला बोअर होती. तिचं पाणी मी कधी तपासलं नव्हतं. अर्ध्या जिल्ह्याच्या विहिरी तपासणारी मी, घरातल्या नळाखाली बिनघोर तिच्या पावडरच्या दुधाची बाटली भरत होते. सरांनी पिशवीतून तपासणीची बाटली काढली. ती घेऊनच आले होते, लबाड. एका शब्दानं टोचलं नाही. बारशाचे लोक घुगऱ्या खात होते आणि माझे सर स्वयंपाकघरात नळ सोडून बाटली विसळत होते. आठवड्यानं रिपोर्ट आला, ते पाणी बाळाला देण्यासारखं नव्हतं. आम्ही त्याच दिवशी पाणी बदललं. माझी पोर धडधाकट आहे. याचं श्रेय मी देवाला देते, पण आधी सरांना.

गेल्या श्रावणात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांची टेप आता माझ्याकडे आहे, आणि खिशात खडूही असतो. मला गुरुजी कोणी म्हणत नाही, बाई म्हणतात. पण मला सर आठवतात ते त्याआधीच्या एप्रिलमधले, शेवटचे पाहिले तसे.

निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. जयंतीला त्यांनी मला मुलीला घेऊन यायला सांगितलं, कारण सांगितलं नाही. कठडा पांढराशुभ्र होता. अक्कानं पोहरा ओढला आणि सवयीनं पिंपळाकडे वळली. सर म्हणाले, "अक्का, थांब." त्यांनी खिशातून दोन कागद काढले, लागोपाठ दोन मे महिन्यांचे रिपोर्ट, पण ते उघडले नाहीत. नुसते म्हणाले, "पी."

अक्का तिथेच उभी राहिली. मग तिनं पेला भरला आणि म्हणाली, "आधी तू." सर प्यायले, सगळा. मग अक्का प्याली. तिसरा पेला सरांनी स्वतः भरला आणि गुडघ्यावर बसून माझ्या मुलीपुढे धरला. सकाळीच टेप सोडली असणार, स्टीलच्या पेल्यावर त्यांच्या चारही बोटांचे पांढरे ठसे उठले होते. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिनं त्याच ठशांवर आपली बोटं ठेवली, त्यांच्या हातातून पेला घेतला आणि तोंडाला लावला.